मूठ कुठल्या हाताची

फॉर्म गुरुवारी दुपारी बारापर्यंत द्यायचा होता, आणि रविवार उजाडला तरी डाव्या हाताचं पिस्तूल मागवायचं की उजव्या, हे शैलजाला ठरवता येत नव्हतं.

तसं पाहिलं तर यात ठरवण्यासारखं होतं काय? शैलजा जन्माची डावरी. लग्नाआधी नाशिकला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती नकाशे काढायची, तेव्हा संध्याकाळपर्यंत तिच्या डाव्या तळहाताची कड पेन्सिलीच्या शिसाने काळी होऊन जायची. भाजी ती डाव्या हाताने चिरते, सुई डाव्या हाताने धरते, डास मारायलासुद्धा तिचा डावाच हात आधी उठतो. जेवते तेवढी उजव्या हाताने, कारण ते वळण आईने लावलं होतं. असल्या माणसाने डाव्या मुठीचं पिस्तूल घ्यावं आणि मोकळं व्हावं. तिचा नवरा संजीव पहिल्या दिवशी हेच म्हणाला होता. "यात काय विचार करायचा? लेफ्टी आहेस, लेफ्ट लिही. खलास!"

संजीव गॅस कंपनीत इंजिनीअर. अकरा वर्षं झाली त्यांना कतारमध्ये येऊन. दोह्याच्या अल गराफा भागात कंपाऊंडमधलं एक बसकं घर, दाराशी दोन गाड्या, आणि पंधरा वर्षांची नुपूर, जिला मराठी सगळं कळतं पण जी उत्तर इंग्रजीतच देते. फेब्रुवारीत क्रीडादिनाच्या सुट्टीला कंपनीने सगळ्या कुटुंबांना शहराबाहेर समैस्मा गावाच्या वाटेवरच्या एका नेमबाजी क्लबात नेलं. बाकीच्या बायका बिर्याणी कधी येते याची वाट बघत सावलीत बसल्या होत्या. शैलजाही बसलीच असती, पण संजीवने पाच छर्रे मारले आणि त्यातला एकही कागदाला लागला नाही, तेव्हा ती हसली. "मग तू मारून दाखव," तो म्हणाला. तिने मारले. पाचही कागदाला लागले. कुठे लागले हा भाग वेगळा, पण लागले.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात ते बसलं. हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल, दहा मीटरवरचा कागद, त्यावरचं काळं वर्तुळ, आणि आत अगदी बारीक असा दहाचा ठिपका. पिस्तूल उचलायचं, श्वास अर्धा सोडायचा, आणि मग काही सेकंद जगात दुसरं काहीच नाही. बायकांसाठी रविवारी आणि बुधवारी सकाळचा वर्ग असे. नुपूरला शाळेच्या बसमध्ये बसवून शैलजा स्वतः गाडी चालवत जायला लागली. उन्हाळ्यात क्लब बंद, ती नाशिकला. सप्टेंबरात परत आली तर भिंतीवर सूचना लागलेली: ज्यांना या हंगामात नवशिक्यांच्या स्पर्धेत उतरायचं असेल, त्यांच्या नावे क्लब पिस्तूल मागवून देईल. पिस्तूल राहणार क्लबाच्याच कुलपात, पण ते तुमचं. दुसरं कुणी त्याला हात लावणार नाही.

शैलजाचं हे आयुष्यातलं पहिलं पिस्तूल. फॉर्मवर एकच अवघड प्रश्न होता. मूठ: डावी, उजवी की दोन्ही हातांना चालणारी. खाली ठळक अक्षरात: एकदा मागवल्यावर बदल होणार नाही.

बदल होणार नाही याचं कारण तबिशने समजावून दिलं होतं. तबिश हा क्लबाच्या शस्त्रखोलीचा माणूस, साठीचा, मूळ कराचीचा. नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ लाकडाची असते आणि तिच्यात प्रत्येक बोटाला वेगळा खळगा असतो. नवीन पिस्तूल आलं की तबिश ती मूठ कानशीने घासून ज्याच्या त्याच्या हाताला बसवून देई. तो म्हणे, "बाजी, ये मूठ नहीं, जूता है. एक पाँव का जूता दूसरे में नहीं जाता." दोन्ही हातांना चालणारी सरळ मूठही असते, पण तिचं नाव काढलं की तो नाक मुरडे. "वो तो चप्पल है."

क्लबात डाव्या मुठीचं जुनं असं एकच पिस्तूल होतं. शैलजा तेच वापरायची. आणि नेमकं घोडं तिथेच पेंड खात होतं.

तिचे छर्रे दोन ठिकाणी जात. दहा मारले तर पाच-सहा मध्याच्या आसपास आणि उरलेले उजवीकडे, थोडे खाली, तेही एकमेकांना चिकटून. जणू एकाच कागदावर दोन बायकांनी नेम धरलाय. विखुरले असते तर समजण्यासारखं होतं, नवशिक्याचे विखुरतातच. पण असे दोन नीटस घोळके पडलेले बघून शिकवणारी अनीसासुद्धा चक्रावली.

अनीसा हैदराबादची, पस्तिशीची, कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळलेली. ती आधी म्हणाली, बोटाचा दोष. डाव्या हाताने ट्रिगरला झटका दिला की छर्रा उजवीकडे खाली जातो, हे पुस्तकातलं आहे. मग शैलजाने तीन आठवडे ट्रिगर असा हळू दाबला, की मधल्या वेळात हात थकून थरथरायला लागे. घोळके दोनच राहिले. तबिश म्हणाला, दोष मुठीचा, ही मूठ ज्याच्यासाठी घासली तो माणूस तिच्या दुप्पट होता. त्याने मुठीला पट्टी गुंडाळून दिली. घोळके दोनच.

मग अनीसाने डोळा तपासला. दोन्ही हात पुढे करायचे, पंजांच्या मध्ये छोटी खिडकी ठेवायची, तिच्यातून दूरच्या घड्याळाकडे बघायचं आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. खिडकी ज्या डोळ्यावर येऊन थांबते तो तुमचा धनी डोळा. नेम तोच धरतो. शैलजाची खिडकी उजव्या डोळ्यावर आली.

"लो!" अनीसा म्हणाली. "आपा, हाथ बायाँ, आँख दायीं. इसी का झगड़ा है."

शैलजाला हायसं वाटलं. निदान रोगाचं नाव तरी कळलं. पण अनीसाने खात्रीसाठी पुन्हा करायला लावलं, तर खिडकी डाव्या डोळ्यावर आली. तिसऱ्यांदा उजव्या. चौथ्यांदा डाव्या. पाचव्यांदा ती नाकावरच थांबली.

"कभी ये, कभी वो," अनीसा शेवटी म्हणाली. "आप की आँखों में ही तय नहीं हुआ है अब तक."

हे वाक्य घेऊन शैलजा घरी आली आणि दोन दिवस तिला दुसरं काही सुचेना. डोळ्यांत ठरलेलं नाही म्हणजे काय? सत्तेचाळीस वर्षं ती याच डोळ्यांनी बघत होती. नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची चूक तिला लांबून दिसायची. तेव्हा कोण बघत होतं, डावा की उजवा?

संजीवने रीतसर एक्सेल शीट बनवलं. उभ्या रकान्यात तीन मुठी, आडव्यात आठ मुद्दे, प्रत्येकाला गुण. "इमोशन बाजूला ठेव," तो म्हणाला. त्याच्या शीटमध्ये दोन्ही हातांना चालणारी मूठ पहिली आली. "रिस्क शून्य. डोळा इकडे गेला की हात इकडे, डोळा तिकडे गेला की हात तिकडे."

"अरे, पण मी दर छर्ऱ्याला हात बदलू का?"

"ते तू बघ. मी ऑप्शन दिला."

"परवा तर म्हणालास, लेफ्ट लिही, खलास."

"परवा डेटा नव्हता ना माझ्याकडे."

गणपतीत मंडळाच्या आरतीला गोविंदराव भेटले होते. ओळखीच्या एका कुटुंबातले आजोबा, राज्य राखीव पोलिसातून निवृत्त झालेले, मुलाकडे दोन महिने राहायला आलेले. शैलजाने त्यांना विचारलं. ते खूश झाले. इथे येऊन दीड महिना झाला होता, आणि त्यांना ज्यातलं कळतं त्यातलं कुणी काही विचारायची ही पहिलीच वेळ होती.

"हे बघ पोरी," ते प्रसादाची वाटी बाजूला ठेवत म्हणाले, "एवढा घोळ घालायचा नाही. एक डोळा मिट आणि हाण. आमच्याकडं सगळे मिटायचे."

"मॅडम म्हणतात मिटायचा नाही. मिटला की चेहरा आवळतो आणि हात हलतो."

"मॅडमला काय कळतंय?" असं म्हणून त्यांनी जरा विचार केला. "आता त्या शिकवतात म्हटल्यावर कळतही असेल. पण तू मिटून तर बघ."

घरी येऊन तिने आरशासमोर उभं राहून मिटून बघितला. डावा डोळा मिटत होता. उजवा मिटायला गेलं की डावाही सोबत मिटे, जुळ्या भावंडांतलं एक रडलं की दुसरंही रडतं तसा. ती नेटाने प्रयत्न करत होती, तोंड वाकडं होत होतं, आणि दारात नुपूर कधी येऊन उभी राहिली तिला कळलंच नाही.

"आई, हू आर यू विंकिंग ॲट?"

"कुणाला नाही. उजवा डोळा मिटतो का बघतेय. तुझा मिटतो?"

नुपूरने सहज उजवा मिटला, मग डावा, मग पुन्हा उजवा. "इट्स नॉट दॅट डीप, आई. जस्ट पिक व्हॉट फील्स राइट."

"राइट म्हणजे उजवं?"

नुपूरने कपाळाला हात लावला आणि ती निघून गेली. शैलजाने थट्टेने विचारलं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं.

त्या रविवारी तिने तिन्ही मुठी वापरून बघितल्या. सरळ मुठीचं पिस्तूल हातात साबणासारखं सरकत होतं. तबिशचं चपलेचं बोलणं तिला पटलं. डाव्या मुठीने तेच दोन घोळके, दहा छर्ऱ्यांत शंभरपैकी एकाहत्तर. मग अनीसाने आग्रहाने उजव्या मुठीचं दिलं. शैलजाला ते परक्याचं मूल कडेवर घ्यावं तसं वाटलं. खांदा कुठे ठेवायचा कळेना, पावलं उलटी लावायची होती. तरी तिने दहा छर्रे मारले. कागद तारेवरून सरकत जवळ आला. घोळके तिथेही दोनच होते, फक्त आता दुसरा डावीकडे पडला होता. गुण मात्र चौऱ्याहत्तर.

"तीन ज़्यादा," अनीसा म्हणाली. "सोच लो, आपा. उजवा हात नया है, फिर भी तीन ज़्यादा." शैलजाच्या तोंडून ऐकून ऐकून 'उजवा' हा शब्द तिने उचलला होता.

"तीन से क्या होता है?" शस्त्रखोलीच्या खिडकीतून तबिश ओरडला. "अल्लाह ने बायाँ दिया है तो बायाँ!"

"तबिश भाई, आप लकड़ी देखो. निशाना मैं देखूँगी."

त्या दोघांचं जुंपलं आणि शैलजा मधल्या मध्ये दोन कागद हातात धरून उभी राहिली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं तिची आई म्हणायची. जनांचं ऐकून झालं होतं. पण मनाने काही म्हणावं तरी! मनाला विचारलं की तेही दोन घोळक्यांत उत्तर देत होतं. उजवा हात तीन गुणांनी चांगला असेल तर मग आजवर डाव्याने केलेलं सगळं काय होतं? आणि डावाच खरा असेल तर हे चौऱ्याहत्तर कुणी मारले?

बुधवारी, म्हणजे फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी, शाळेची बस वीस मिनिटं उशिरा आली. शैलजा क्लबात पोचली तेव्हा बाकीच्या बायका जागेवर उभ्या राहिल्या होत्या. सप्टेंबरातली दोह्याची ती सकाळ: हवा इतकी दमट की श्वास प्यायल्यासारखा वाटावा. नेम धरायची जागा म्हणजे पुढून उघडा असा लांब व्हरांडा. आतल्या गार हॉलमधून ती तिथे आली आणि रोजच्यासारखा तिचा चष्मा फटकन धुरकटला. एरवी ती दोन मिनिटं थांबे. आज वेळ नव्हता. तिने ओढणीच्या टोकाने एक काच पुसली, दुसरी पुसणार तेवढ्यात अनीसाने सुरू करायची आज्ञा दिली. शैलजाने चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला, डाव्या मुठीचं पिस्तूल उचललं आणि मारायला सुरुवात केली.

घाईत होती म्हणून असेल, पण तिने फारसा विचार केला नाही. पाच छर्रे मारून तिने कागद जवळ बोलावला.

एकच घोळका. नऊ, नऊ, दहा, आठ, नऊ. उजवीकडे खाली कोरा कागद.

अनीसा धावत आली. "आपा! मैंने कहा था ना, बोट... उँगली! उँगली ठीक हो गयी!" तबिश खिडकीतून अर्धा बाहेर आला. "पट्टी का कमाल है, मैंने कल नयी बाँधी थी!" शैलजाने कागद पुन्हा उलटसुलट बघितला. तिने बोटाचं काही वेगळं केलं नव्हतं, आणि पट्टी नवीन आहे हे तिला आत्ता कळत होतं.

"और पाँच," अनीसा म्हणाली.

शैलजाने घाम पुसला, चष्मा काढून दोन्ही काचा छान पुसल्या, आणि आणखी पाच मारले. कागद आला. तीन मध्यात, दोन उजवीकडे खाली.

बोट तेच, पट्टी तीच, बाई तीच, पाच मिनिटांचं अंतर. तबिशने पट्टी सोडून पुन्हा बांधली. अनीसाने शैलजाचं मनगट वळवून बघितलं. मग वर्ग संपला, बायका पांगल्या, आणि शैलजा कोरा फॉर्म पर्समध्ये घालून निघाली. मनात म्हणाली, जाऊ दे, नकोच ते पिस्तूल. ज्या कामात आपण कोण हेच कळत नाही ते काम आपलं नव्हे.

गाडीत बसून तिने एसी सुरू केला आणि गाडी गार होईपर्यंत थांबली. रुमाल दाराबाहेर पडलेला दिसला म्हणून दार उघडून वाकली, तर पुन्हा काचा धुरकटल्या. तिने सवयीने एक काच पुसली आणि समोर बघितलं. क्लबाच्या भिंतीवरची पाटी एका डोळ्याला स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या डोळ्याला नुसता पांढरा धूर. आणि पुसलेली काच होती डावी. डाव्या हाताने पुसणारं माणूस आधी डावी काच पुसतं.

सकाळीही तिने एकच पुसली होती. दुसरी पुसायच्या आत अनीसा ओरडली होती.

मग तिने गाडी बंद केली, उतरली आणि जवळजवळ पळतच आत गेली. अनीसा चहा पीत होती. "चिकटपट्टी," शैलजा म्हणाली. हिंदी शब्द आठवेना. "टेप, टेप! वो काग़ज़ वाला." तबिशने खिडकीतून कागदी टेपचं रीळ दिलं. तिने एक तुकडा फाडून चष्म्याच्या उजव्या काचेवर लावला आणि डाव्या मुठीचं पिस्तूल मागून घेतलं. अनीसा कप हातात घेऊन मागे येऊन उभी राहिली. दहा छर्रे. कागद आला.

एकच घोळका. शंभरपैकी एक्क्याऐंशी.

अनीसाने स्वतःच्या डोक्यावर टपली मारली. "मैं भी ना! आँख पे परदा तो सब लगाते हैं. पर मुझे समझ ही नहीं आया कि आपकी कौन सी ढकूँ. एक दिन ये आँख, एक दिन वो."

"तो बायाँ!" तबिश म्हणाला. "लिखो बाजी, बायाँ."

शैलजाने पर्समधून फॉर्म काढलासुद्धा. पण अनीसा काहीतरी विचार करत होती.

"रुको आपा. दायीं आँख ढक के बायाँ हाथ चला. तो बायीं ढक के दायाँ भी चलेगा ना?"

कुणाची इच्छा नव्हती, तबिशची तर नव्हतीच, पण करून बघायला हवं होतं. टेपचा तुकडा डाव्या काचेवर गेला. उजव्या मुठीचं पिस्तूल आलं. दहा छर्रे. एकच घोळका, सुबक. चौऱ्याऐंशी.

म्हणजे जिथून निघालो तिथेच परत. पूर्वी निदान डोळ्यांवर खापर फोडता येत होतं. आता डोळे म्हणत होते, आम्हाला दोन्ही चालतं, तुझं तू ठरव.

शैलजा भिंतीजवळच्या बाकावर बसली. दोन्ही कागद मांडीवर. चौऱ्याऐंशीचा कागद चांगला होता यात वाद नव्हता. त्यात तीन दहा होते. पण ते तिन्ही दहा तिला कागद जवळ आल्यावर कळले होते. ट्रिगर दाबला, आवाज झाला, आणि छर्रा कुठे गेला याचा तिला पत्ता नव्हता. दुसऱ्याच्या घरी पोळ्या केल्यासारखं. झाल्या चांगल्या, पण का झाल्या ते माहीत नाही. एक्क्याऐंशीच्या कागदावर एक सात होता, डावीकडे वर. तो सात सुटल्या क्षणीच तिला कळला होता. मनगट किंचित वर गेलं होतं, आणि कागद अजून दहा मीटर लांब असतानाच ती "च्च" म्हणाली होती.

"अनीसा," तिने विचारलं, "सुटतानाच कळतं, छर्रा कुठे गेला ते. सब को पता चलता है क्या? देखने से पहले?"

अनीसाने चहाचा कप खाली ठेवला. "किस हाथ से पता चला?"

"बाएँ से. दाएँ से बिल्कुल नहीं."

"मुझे पता चलने में दो साल लगे थे," अनीसा म्हणाली. आणि तिने कप पुन्हा उचलला. शैलजाला वाटलं होतं, डावा की उजवा ते ती सांगून टाकेल. तिने नाही सांगितलं.

शैलजाने गुडघ्यावर फॉर्म ठेवला आणि डाव्या हाताने 'डावी' समोरच्या चौकोनात खूण केली. खात्री होती म्हणून नव्हे. तीन गुण ती हातचे घालवत होती हे तिला दिसत होतं. पण आपली चूक आपल्याला कळणारा हात तिच्याजवळ एकच होता.

घरी तिने संजीवला सांगितलं. त्याने दोन्ही आकडे विचारून घेतले. "म्हणजे राइटला एटी-फोर, लेफ्टला एटी-वन, आणि तू लेफ्ट लिहिलंस?"

"हो."

"बेसिस काय?"

तिने 'च्च'ची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. संजीव मन लावून ऐकत होता, पण ते कुठल्या रकान्यात घालायचं हे त्याला कळेना. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे, इन्शाल्ला बरोबर असेल," आणि ताटाकडे वळला. नुपूर मात्र जेवता जेवता थांबली. "वेट, तुला बिफोर लुकिंग कळतं? दॅट्स सो कूल," ती म्हणाली. त्यातले दोन शब्द मराठी होते, हे शैलजाच्या नंतर लक्षात आलं.

पिस्तूल डिसेंबरात आलं. निळसर नळी, अक्रोडाची फिकट मूठ, फोमच्या पेटीत. तबिशने ते आधी स्वतः तपासलं, आत छर्रा नाही हे दोनदा बघितलं, मग तिच्या डाव्या तळव्याला लाल खडू चोळला आणि मूठ घट्ट धरायला सांगितली. तिने धरून सोडली. लाकडावर जिथे जिथे लाल उमटलं तिथे तिथे हात रुतत होता. तबिशने मूठ शिकंज्यात आवळली आणि कानशीने घासायला लागला. लाकडाची भुकटी टेबलावर पडत होती. पुन्हा खडू, पुन्हा धरणं, पुन्हा घासणं. तासभर चाललं होतं.

जानेवारीतल्या स्पर्धेत ती सोळा जणींत अकरावी आली. पहिली आलेली अजरा नावाची मुलगी विशीची होती. आपण उजव्या हाताने खेळलो असतो तर कितवे आलो असतो, हा विचार शैलजाच्या मनात गाडीत बसेपर्यंत आला, आणि नंतरही बरेच दिवस अधूनमधून येत राहिला. कुणी विचारलं तर ती खरं ते सांगे, की ठाऊक नाही.

पण त्या डिसेंबरच्या सकाळी हे सगळं पुढे होतं. तबिशने चौथ्यांदा मूठ पुसून तिच्या हातात दिली.

"अब बताओ बाजी, कहाँ चुभता है?"

शैलजाने पिस्तूल जमिनीच्या रोखाने धरलं, बोट ट्रिगरपासून लांब ठेवलं, डोळे मिटले. अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी होतं, किंवा नव्हतं. करंगळीखाली मघाशी टोचत होतं ते आता टोचत नव्हतं, की सवय झाली होती?

"समझ नहीं आ रहा," ती म्हणाली. "थांबा जरा, पुन्हा धरून बघते."